खानदेशी बोलीचे स्थान : दोन वृक्षांची तुलना



खानदेशातून उधना–जळगाव लोहमार्गाने येऊन सुरतेच्या यंत्रमागांवर स्थिरावलेली अनेक कुटुंबे उधना व लिंबायत भागांत राहतात. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती असा त्यांचा व्यवहार. जनगणनेचा प्रगणक मातृभाषा विचारतो तेव्हा एक घर ‘मराठी’ सांगते, शेजारचे ‘अहिराणी’. एकच बोली दोन रकान्यांत जाते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मराठीहून वेगळी धरली असून तिचे भाषक सुमारे १८ लाख ६० हजार नोंदले आहेत. अहिराणी तिच्यातच मोजली जाते.

हा घोळ जुना आहे. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (भाग तिसरा, १९०७) खानदेशी ही भिल्ली बोलींबरोबर, म्हणजे गुजरातीच्या बाजूस घातली आहे. मराठी व कोकणी हा दक्षिणेचा निराळा गट. सामान्य मराठी माणूस मात्र अहिराणीस मराठीचीच बोली मानतो. हे झाले दोन वर्गीकरण-वृक्ष.

पाच भाषांचे वृक्ष नुसत्या नजरेने ताडता येतात. पाने पाचशे झाली की प्रत्येक गट प्रत्येक गटाशी ताडणे जिकिरीचे. विल्यम डे यांनी १९८५ साली यावर सुटसुटीत रीत दिली. पहिल्या वृक्षाच्या पानांना ओळीने क्रमांक द्यावेत: खानदेशी १, भिल्ली २, गुजराती ३, मराठी ४, कोकणी ५. त्या वृक्षातील गट आपोआप सलग होतात, १ ते ३ आणि ४ ते ५. त्यांची यादी ठेवावी. दुसऱ्या वृक्षातील गटाचा सर्वांत लहान क्रमांक, सर्वांत मोठा क्रमांक व पानांची संख्या एवढेच पाहावे. खानदेशी, मराठी, कोकणी म्हणजे १, ४, ५. एक ते पाच हा पल्ला, पाने मात्र तीन. गट तुटक, म्हणून बाद. भिल्ली-गुजराती २ ते ३, सलग खरा, पण यादीत नाही. या रीतीत श्रम पानांच्या प्रमाणातच वाढतात.

एकही गट जुळला नाही. तेव्हा गट मोजणारा म्हणेल की वृक्ष सर्वस्वी भिन्न आहेत. पण खानदेशी हे एकच पान काढले की उरलेले दोन्ही वृक्ष तंतोतंत जुळतात! वाद पाच भाषांचा नसून एकीच्या जागेचा आहे, हे नुसत्या आकड्यावरून कळले नसते.

ती जागा विद्वान ठरवोत. प्रगणकाने मातृभाषेच्या रकान्यात कुटुंब सांगेल तेच नाव लिहावे. ‘अहिराणी’ सांगितल्यास आपल्या मते ‘मराठी’ करू नये.