मूत्रपिंडातला मुकाट भाडेकरू



आज ज्या विषाणूबद्दल बोलायचं आहे, तो हे भाषण ऐकणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात बहुधा आत्ता बसलेला आहे. घाबरू नका, रेडिओही बंद करू नका. लहानपणी किंवा तरुणपणी केव्हातरी तो आत शिरतो. ना ताप येतो, ना खोकला. मग मूत्रपिंडात बस्तान बसवतो आणि चाळीतल्या पागडीवरच्या म्हाताऱ्या भाडेकरूसारखा जन्मभर मुकाट राहतो. त्याचं नाव जेसी विषाणू. ही एका रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं आहेत. १९७१ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी त्या रुग्णाच्या मेंदूतून हा विषाणू वेगळा काढला. त्याच वर्षी मूत्रपिंड बदललेल्या एका रुग्णाच्या लघवीत याचा चुलतभाऊ सापडला. त्यालाही रुग्णाची आद्याक्षरं मिळाली, बीके. विषाणूच्या रूपाने नाव मागे राहावं, असं त्या दोघांना वाटलं असेल का, कोण जाणे!

या विषाणूमुळे होणारा आजार मात्र त्याआधी माहीत झाला होता. १९५८ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये मेंदूचा एक विचित्र विकार पाहून त्याचं वर्णन केलं. प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपथी. हे म्हणताना माझीही जीभ अडखळते, म्हणून आपण पीएमएल म्हणू. पुढची पंचवीसेक वर्षं तो पुस्तकातला दुर्मिळ आजार राहिला. मग एड्स आला, आणि चांगली औषधं हाती येण्याआधीच्या काळात एड्सच्या शंभर रुग्णांत तिघाचौघांना तो होऊ लागला. भाडेकरू तोच होता, प्रतिकारशक्तीचा पहारा तेवढा उठला होता.

आता मल्टिपल स्क्लेरोसिसकडे, म्हणजे एमएसकडे येतो. मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, वायरीवर असतं तसं. एमएसमध्ये आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी मेंदूत शिरून ते कुरतडतात. पीएमएलमध्ये विषाणू ते वेष्टण बनवणाऱ्या पेशींनाच मारतो. दोन्हीकडे जातं मायलिनच. कारणं मात्र एकमेकांच्या उलट आहेत, एकात पहारेकरी जास्त, दुसऱ्यात कमी.

नॅटलिझुमॅब हे एमएसचं औषध नेमकं इथे काम करतं. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून मेंदूत शिरायला भिंतीला चिकटावं लागतं. हे औषध ती पकड सोडवतं. पेशी रक्तात फिरत राहतात, आत जात नाहीत. चाचण्यांत एमएसच्या झटक्यांचं प्रमाण दोनतृतीयांशाने घटलं. एमएसच्या डॉक्टरांना एवढा आनंद क्वचितच झाला असेल. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. तीन महिने, बस्स.

चाचण्यांतल्या दोन एमएस रुग्णांना पीएमएल झाल्याचं कळलं होतं. तिसरा रुग्ण आतड्याच्या क्रोन्स आजाराचा होता. तो मेंदूच्या गाठीने गेला, अशी नोंद झालेली होती. पहिल्या दोन बातम्या आल्यावर त्याचं प्रकरण पुन्हा उघडलं. मेंदूचा तुकडा परत तपासला, साठवून ठेवलेलं रक्त तपासलं. ती गाठ नव्हतीच, पीएमएल होता. रक्ताच्या त्या बाटल्या कुणी अडगळ म्हणून फेकून दिल्या असत्या, तर?

२००६ मध्ये औषध परत आलं, कडक अटींवर. रोगापेक्षा इलाज भयंकर असं म्हणून ते कायमचं बंद करा, हे कुणीही म्हणू शकलं असतं. पण परत आणा म्हणणाऱ्यांत रुग्णच पुढे होते. चाकाची खुर्ची डोळ्यांसमोर दिसणाऱ्याचं गणित वेगळं असतं. मला ते चूक वाटत नाही.

हळूहळू धोका मोजता आला. रक्तात जेसी विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं नसतील, तर दहा हजारांत एकापेक्षाही कमी. प्रतिपिंडं आहेत, आधी प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधं झाली आहेत आणि नॅटलिझुमॅब दोन वर्षांहून अधिक चालू आहे, अशी तिन्ही जुळली की हजारात साधारण अकरा. म्हणून प्रतिपिंडांची तपासणी एकदा करून भागत नाही, दर सहा महिन्यांनी करतात. आज नसलेली उद्या असू शकतात. औषध चारऐवजी सहा आठवड्यांनी दिलं, तर धोका कमी होतो असंही दिसलं आहे. एमएसच्या इतर काही गोळ्यांवर आणि रिटुक्सिमॅबसारख्या औषधांवरही पीएमएल झाल्याच्या नोंदी आहेत, पण फार थोड्या.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. हे ऐकून औषध परस्पर बंद करू नका. नॅटलिझुमॅब अचानक थांबवलं, तर काही महिन्यांत एमएस उसळून येऊ शकतो.

पीएमएल ओळखायचा कसा? एमएसचा झटका बहुधा काही तासांत, फार तर काही दिवसांत येतो. हा आठवड्याआठवड्याने सरकतो. समजा, घरातला माणूस गेले पंधरा दिवस दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटतो आहे. ताटात डावीकडे वाढलेली चटणी, कोशिंबीर तशीच राहते. विचारलं तर म्हणतो, दिसतंय की सगळं! त्याला खरंच तसं वाटतं. डावीकडचं जग गेलंय, हे त्याच्या गावीही नसतं. कुणी शब्द शोधत बसतो, कुणी उगाच चिडका होतो. मग एमआरआय करतात, पाठीतलं पाणी काढून त्यात विषाणूचा डीएनए शोधतात.

विषाणूला मारणारं औषध आजही हाती नाही. इलाज एवढाच, की पहारेकऱ्यांना परत आत जाऊ द्यायचं. औषध थांबवतात, रक्तातलं उरलेलं काढायला कधी प्लाझ्मा बदलतात. पण इतके दिवस अडवलेल्या पेशी एकदम आत घुसल्या की मेंदूला सूज येते आणि रुग्ण आणखी बिघडतो, मग स्टेरॉइड द्यावं लागतं. नॅटलिझुमॅबमुळे पीएमएल झालेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा दगावला. ज्यांचा आजार लक्षणं दिसण्याआधी, एमआरआयमध्येच पकडला गेला, ते जास्त वाचले.

म्हणून दर वेळी नॅटलिझुमॅबचं सलाईन लावण्याआधी रुग्णाला विचारायचं असतं: गेल्या महिन्यात विचार करण्यात, दिसण्यात, तोल सांभाळण्यात, हातापायांच्या ताकदीत काही नवं, बरेच दिवस टिकलेलं जाणवलं का? बहुतेक जण नाही म्हणतात. मी मग शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांच्या बायकोकडे वळतो आणि विचारतो, “वहिनी, हल्ली हे चालताना कुठे आपटतात का हो?”