कॉइलच्या अलीकडे की पलीकडे?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय, 'घरच्या संगीतासाठी क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा'. संयोजकांना मी म्हटलं होतं, याचं उत्तर एका प्रश्नात मावतं, त्यासाठी तासभर कशाला? ते म्हणाले, हॉलचं भाडं तासाचं आहे. (हशा) तेव्हा तो प्रश्न आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला बस गाठायची असेल तर तो मोकळा. दुकानात विचारायचं, फीडबॅक कॉइलच्या अलीकडून घेतलाय की पलीकडून? वॅट, निळे दिवे, अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा, हे सगळं नंतर.

क्लास ए, बी, एबी तुम्हाला ठाऊक आहेतच, त्यात शिरत नाही. मे महिन्यात एबीचा डबा तासभर वाजवून त्याच्या हीटसिंकवर हात ठेवलेली मंडळी पहिल्या रांगेतच दिसताहेत. क्लास बीची कार्यक्षमता अगदी कागदावरसुद्धा 78.5 टक्क्यांवर थांबते आणि आवाज कमी केला की आणखी घसरते. क्लास डीमधला ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद. मधे रेंगाळायचं नाही, आणि हे सेकंदाला चार-पाच लाख वेळा. म्हणून पूर्ण ताकदीवर 90 टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते आणि हीटसिंक तळहाताएवढा पुरतो. बाहेर पडतात ते मात्र चौकोनी ठोके. ते गाळून त्यातलं गाणं तेवढं ठेवायला एक कॉइल आणि एक कंडेन्सर लागतो. आजची सगळी भानगड त्या कॉइलची.

पण त्याआधी क्लाइव्ह सिंक्लेअरची गोष्ट सांगायलाच हवी. दोन मिनिटांत आटोपतो. 1964 साल, इंग्लंड. हा गृहस्थ पंचविशीच्याही आतला. त्यानं 'एक्स-10' नावाचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर किट म्हणून बाजारात आणला. घरी बसा, डाग द्या, ऐका. नावातला 10 म्हणजे 10 वॅट. प्रत्यक्षात निघायचे अडीच! (हशा) अहो, हसू नका, त्यात त्याचाच सगळा दोष नव्हता. तेव्हाचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर मुळातच संथ. चालू-बंद करता करता मधेच रेंगाळायचे, तापायचे. नंतर त्यानं एक्स-20 काढला, तोही तसाच बेभरवशाचा. कल्पना बरोबर, पण माल यायला पुढची तीस-चाळीस वर्षं जायची होती. याच माणसानं पुढे खिशात मावणारे कॅल्क्युलेटर काढले, स्वस्तातले घरगुती संगणक विकले, 'सर' झाला, आणि 1985 मध्ये सी5 नावाची तीन चाकांची विजेवरची गाडी आणली. बसणाऱ्याचं डोकं शेजारच्या ट्रकच्या चाकाच्या उंचीला. लंडनच्या हिवाळ्यात, जानेवारीत, वर छप्पर नाही... अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. ठीक आहे, सी5 राहू द्या.

मुद्दा एवढाच की वॅटची थाप जुनी आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ती 'पीएमपीओ' या नावानं घराघरात आली. पेन्सिल सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत '1000 वॅट'. परवा तपकीर गल्लीत एका दुकानात उभा होतो. दुकानदारानं विचारलं, "साहेब, किती वॅट दाखवू?" मी म्हटलं, "दाखवू नका, मोजून द्या." (हशा) त्यानं '2×100' छापलेला छोटा डबा पुढं केला, सोबत 24 व्होल्ट, 4 अँपिअरचा अडॅप्टर. आता हिशेब करा. अशा डब्यात असते त्या ब्रिज जोडणीत, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं चालवताना, व्होल्टेजचा वर्ग 576. त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीनं भागा. 8 ओहमला प्रत्येक बाजूला 36 वॅट, 4 ओहमला 72, आणि तेही आत काहीच वाया गेलं नाही असं धरून. दोन बाजूंचे झाले 144. अडॅप्टर देणार 96. उरलेले काय शेजारून आणायचे? मग 100 कुठून आले? 4 ओहमचा स्पीकर, पुरवठा त्या चिपला सोसेल तेवढा जास्तीत जास्त, आणि 10 टक्के विकृती चालवून घेतलेली. 10 टक्के विकृतीत भीमसेनजींची तान ऐका आणि मग मला सांगा.

आणि गंमत म्हणजे 36 पुष्कळ झाले. दिवाणखान्यात यमन ऐकताना सरासरी एक वॅटही लागत नाही. तबल्याच्या थापेला क्षणभर दहा-वीसपट लागेल. 50 चे 100 केलेत तर वाढतात 3 डेसिबल. पैसे दुप्पट, कानाला जेमतेम कळेल एवढा फरक.

आता कॉइल. फीडबॅक म्हणजे बाहेर काय गेलं ते आत आलेल्याशी ताडून पाहायचं आणि चूक दुरुस्त करायची. स्वस्त चिपमध्ये हा ताळा कॉइलच्या अलीकडेच संपतो. पुढं कॉइलनं काय घोळ घातला, याचा अ‍ॅम्प्लिफायरला पत्ताच नाही. आणि कॉइल-कंडेन्सरची जोडी कशी वागेल हे पलीकडच्या स्पीकरवर ठरतं. स्पीकरवर '8 ओहम' लिहिलेलं असतं, ते ढोबळमानानं. खालपासून वरपर्यंत तो आकडा 5 होतो, 20 होतो, 30 होतो. वरच्या सुरांत ओहम जास्त असतील तर तिथं उंचवटा येतो, टाळ-झांजा टोचायला लागतात. ओहम कमी असतील तर तोच डबा मंद वाटतो. आता कळलं का, एक जण क्लास डी कर्कश म्हणतो आणि दुसरा त्याच डब्याला मुका म्हणतो, ते का? दोघंही खरं बोलताहेत. फक्त ऐकवताहेत ते आपापले स्पीकर.

यातून वाट काढणाऱ्यांत एक नाव लक्षात ठेवा, ब्रुनो पुट्झेस. बेल्जियमचा माणूस. फिलिप्समध्ये असताना त्यानं यूसीडी ही रचना केली. ताळा कॉइलच्या पलीकडून घ्यायचा, आणि फिल्टरमुळे जो फेजचा उशीर होतो, ज्याला सगळे घाबरायचे, त्याच उशिरावर अ‍ॅम्प्लिफायरची चालू-बंदची लय चालवायची. अडचणीलाच कामाला लावलं! (टाळ्या) टाळ्या त्यांच्यासाठी, मी नुसता निरोप्या. पुढे हायपेक्स कंपनीचं एनकोर, मग 2019 मध्ये प्युरिफाय कंपनीचं आयगेनटाक्ट, ही त्यांच्याच हातची पुढची कामं. आता टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए3255 चिपवरच्या काही स्वस्त डब्यांतही ही सोय येऊ लागली आहे. 'पीएफएफबी' असं लिहिलेलं असतं, म्हणजे पोस्ट फिल्टर फीडबॅक. लिहिण्यावर विसंबू नका, आलेख मागा. 4 ओहमची रेघ आणि 8 ओहमची रेघ 20 किलोहर्ट्झपर्यंत एकमेकींवर बसल्या पाहिजेत. फाकल्या, की समजायचं ताळा अलीकडचा.

मागून कुणीतरी म्हणतंय, "व्हॉल्व्हची सर नाही." नसू दे. पण तुमच्या व्हॉल्व्हचा आवाजही स्पीकरप्रमाणे बदलतो. तुम्ही त्याला गोडवा म्हणता, एवढंच. (हशा) मी कुठल्या कंपनीचा माणूस नाही, आधीच सांगतो. माझ्या मागच्या व्याख्यानानंतर तसं पत्र आलं होतं.

एक चिठ्ठी आली आहे. "साठीनंतर 12 किलोहर्ट्झच्या वर कोणाला ऐकू येतं? मग तुमचा उंचवटा आम्हाला काय?" (टाळ्या) या टाळ्यांना वय आहे, ते मला दिसतंय. प्रश्न चोख आहे. पण दोन गोष्टी. तो उंचवटा एकदम बाराला सुरू होत नाही, बराच खालून चढत येतो. दुसरं, कॉइलचा गाभा जोरकस ठोक्यांना स्वतःची विकृती घालतो आणि ती तुमच्या-माझ्या कानाच्या टप्प्यात येते. पलीकडून ताळा घेतला की तीही कापली जाते. आणि घरात नातवंडं आहेत की नाही? त्यांचे कान शाबूत आहेत.

घंटा झाली. मी टिपणात आणखी चार पानं आणली होती. गॅलियम नायट्राइडवर बोलायचं होतं, ते पुढच्या वर्षी बोलावलंत तर. एक मात्र सांगितल्याशिवाय खाली बसत नाही, अध्यक्ष महाराज, अर्धा मिनिट. या छोट्या डब्यांत आउटपुट बहुधा ब्रिज असतं, म्हणजे काळं टर्मिनल हे ग्राउंड नसतं. तेव्हा जुन्या सवयीनं डाव्या-उजव्या स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र पिळू नका, आणि हेडफोनचा जुना जोडडबा त्यावर लावू नका. चिप जाईल. बाकीच्या चिठ्ठ्या बाहेर चहाच्या टेबलाशी घेतो.