टेबलावरची रेल्वे आणि कामाची रेल्वे



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले, म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि कायम नोकरी यांवरच बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. आज आम्ही ती मोडणार आहोत. आमचा विषय आहे आगगाडीची लहान प्रतिकृती: टेबलावर रूळ मांडून त्यांवरून बोटभर इंजिन चालवावयाचे, ते कसे योजावे आणि कसे बांधावे. हा मुलांचा नाही तर पैसेवाल्यांचा खेळ, असे काहींच्या मनात आले असेल. तो कामाचाही विषय आहे, एवढे आज पटले तरी पुष्कळ झाले.

हा छंद शंभर वर्षांहून जुना आहे. मेकॅनो काढणाऱ्या लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीच्या कारखान्याने 1920 साली चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या, आणि घराघरांत रूळ पसरले. आपल्याकडे पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लहान रेल्वेचे संग्रहालय 1998 सालापासून लोकांना पाहावयास मिळाले. तेथील गाड्या खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या. ते पाहून आलेला मुलगा घरी येताच आईजवळ जेवणाचे टेबल मागतो! त्यात गैर काही नाही. पण तेथे पाहिलेले सगळे पहिल्याच वर्षी आपल्या खोलीत उभे करावयाचे, असा ज्याचा हट्ट असतो, त्याच्या पदरी बहुधा अर्धवट फळ्या आणि धूळ एवढेच उरते.

म्हणून पहिला प्रश्न विचारावयाचा, तो जागा किती आणि पैसा किती हा नव्हे. ही गाडी काम कोणते करणार, हा पहिला प्रश्न. बहुतेक नवशिके एक गोल मांडतात. गाडी फिरते, दोन फेऱ्या मौज वाटते, तिसऱ्या फेरीला पाहणारा उठून चहाला जातो. खरी रेल्वे सहसा अशी गोल फिरत नाही. ती कोणाचा तरी माल आणि कोणाची तरी माणसे एका गावाहून दुसऱ्या गावी नेते. ते काम ठरले की रूळ कोठे हवेत, हे काम स्वतःच सांगते.

आम्ही आणि आमचे चार सोबती यांनी युनियनच्या कचेरीच्या मागल्या खोलीत अशी रेल्वे बांधावयास घेतली, तेव्हा काम शोधण्यास लांब जावे लागले नाही. मुंबईहून नागपूरला जाणारा मोठा मार्ग 1867 साली पुरा झाला, तो वऱ्हाडच्या कापसावर डोळा ठेवून. त्या मार्गावर अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर. तेथून दोन बाजूंना अरुंद रूळ निघाले. एक फाटा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, 113 किलोमीटर. दुसरा दर्यापूर-अंजनगावावरून अचलपूरला, 76 किलोमीटर. आपण हिला शकुंतला म्हणतो. ही लाइन किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीने 1910 साली काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. मँचेस्टरला 1921 साली घडलेले वाफेचे इंजिन हिच्यावर 1994 पर्यंत राबले, मग डिझेल आले.

आता हिशेब पाहा. शकुंतलेच्या दोन रुळांतले अंतर 762 मिलिमीटर. त्याला 87 ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात 9 मिलिमीटर रुंदीचे तयार रूळ मिळतात, ते इथे बेमालूम चालतात. उलट आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. ती याच प्रमाणात 19 मिलिमीटरच्या वर जाते, आणि दुकानातला रूळ मिळतो साडेसोळाचा. तो युरोपच्या 1435 मिलिमीटरच्या मापाचा. म्हणजे वऱ्हाडातल्या माणसाने पहिली रेल्वे बांधावयाची, तर या प्रमाणात मोठ्या गाडीपेक्षा आपली शकुंतलाच सोयीची!

पण सगळी शकुंतला मांडू म्हणाल, तर तेही जमणार नाही. अचलपूरचा फाटा सत्त्याऐंशीव्या हिश्शाने केला तरी 873 मीटर लांब होतो. आमच्या खोलीत भिंतीलगत चार-चार फुटांच्या दोन फळ्या बसल्या, रुंदी दीड फूट. या आठ फुटांत खऱ्या जमिनीचे जेमतेम 212 मीटर मावतात. तेव्हा काय घ्यावयाचे यापेक्षा काय सोडावयाचे, हीच योजना. आम्ही सगळे सोडले आणि दोनच गोष्टी ठेवल्या: एका टोकाला मूर्तिजापूरचा मालधक्का, दुसऱ्या टोकाला लाइनीवरचे एक छोटे स्टेशन. आमच्यातला एक कॉलेजचा विद्यार्थी बोगदा हवा म्हणून अडून बसला होता. सुतारकाम करणारे आमचे सोबती त्याला म्हणाले, "बापू, पूर्णेच्या काळ्या मातीत बोगदा कोनासाठी खंदतं?" बोगदा तेथेच मिटला.

मालधक्काच का, ते सांगतो. अरुंद गाडीचा डबा ब्रॉडगेजवर चढत नाही. यवतमाळ-अचलपूरकडून आलेली रुईची गाठ मूर्तिजापुरात एका गाडीतून उतरवावी लागे आणि दुसरीत चढवावी लागे. नकाशावर तेथे दोन रेघा भेटतात. जमिनीवर तेथे माणसाचा घाम होता. गाड्यांची चित्रे सापडतात, इंजिनांचे आकडे सापडतात. त्या धक्क्यावर काम कसे चालले, ते कोणत्या पुस्तकात शोधावयाचे? ते राबलेल्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसे आता थकली आहेत.

म्हणून फळीला करवत लावण्यापूर्वी आम्ही पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचा आराखडा काढला, काडेपेट्यांचे डबे ठेवले आणि हमाली केलेल्या एका वृद्ध गृहस्थांना बोलावले. त्यांनी आराखडा निरखला, दोन डब्यांमधल्या धक्क्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "भाऊ, गाठ एकट्यानं हालत नाही. चौघाइले पाय रोवाले जागा पायजे." आजच्या हिशेबाने रुईची गाठ 170 किलोची असते. आम्ही कागदावरचा रूळ दीड सेंटीमीटर मागे सरकवला. खऱ्या धक्क्यावर ते 1.3 मीटर होतात. चार माणसांना पाय रोवता येतील, एवढे.

आता बांधणीच्या चार व्यवहारी गोष्टी. फळीची रुंदी हात पोहोचेल एवढीच ठेवावी. मागे घसरलेला डबा उचलताना पुढचे स्टेशन कोपराने आडवे होऊ नये. नऊ मिलिमीटरच्या रुळाला 23 सेंटीमीटरहून कमी त्रिज्येचे वळण देऊ नये. शेवटच्या स्टेशनात इंजिन गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जावयाचे, तर बाजूला एक लूप हवी, आणि तिची मोकळी लांबी आपल्या सर्वांत लांब गाडीहून जास्त हवी. म्हणून आधी गाडी ठरवा, मग लूप मोजा. सांधे थोडके ठेवा. आम्ही चारांत भागवले. ब्रॉडगेज आम्ही हाताने केली आणि धक्क्याच्या पलीकडे नुसती उभी ठेवली. तिच्यावर वीज नाही, दोन वाघिणी आहेत.

विजेचे काम समजावयास कठीण नाही. रुळांत 12 व्होल्टची एकदिश वीज सोडतात. एका रुळातून ती इंजिनात जाते, दुसऱ्यातून परत येते. तारा उलट केल्या की इंजिन उलटे चालते. रूळ फिरून स्वतःलाच येऊन मिळाला आणि गाडीचे तोंड उलटले, तर दोन तारा एकमेकींना भिडतात आणि शॉर्ट होतो. त्यावर उपाय आहेत, पण पहिल्या रेल्वेने त्या भानगडीत पडू नये. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ लाइन उत्तम. रुळाच्या जोडपट्टीवर विसंबू नका. प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी तार सोल्डर करा. खडी पसरण्यापूर्वी आठ दिवस गाडी नुसत्या रुळांवर चालवून पाहा.

आणि आपली हवा विसरू नका. अकोल्याचा मे महिना 45 अंशांच्या वर जातो. जानेवारीत रूळ घट्ट भिडवून बसवला, तर मे महिन्यात तो वाकतो. खऱ्या रुळात फट ठेवतात, तशी येथेही अर्ध्या मिलिमीटरची ठेवावी. प्लायवुडला खालून-वरून दोन्ही अंगांनी रंग द्यावा, म्हणजे पावसाळ्यात ते फुगत नाही.

रूळ झाले म्हणजे रेल्वे झाली नाही, नियम लागतात. एकेरी लाइनीवर एका वेळी एका टप्प्यात एकच गाडी, हा जगभरचा कायदा. आम्ही एक पितळी बिल्ला केला आहे. तो ज्याच्या हाती, त्यानेच गाडी काढावयाची. अधिकाऱ्याचा मुलगा असो की हमालाचा, बिल्ल्याविना रेग्युलेटरला हात लावावयाचा नाही. लोकशाहीचा एवढा स्वस्त वर्ग आम्ही दुसरा पाहिला नाही.

तयार बाहुल्या मिळतात त्या बहुतेक टोपीवाल्या युरोपियनांच्या. आमच्या धक्क्यावरची माणसे आम्ही तारेची आणि मातीची केली. साडेपाच फुटांचा माणूस या प्रमाणात एकोणीस मिलिमीटरचा होतो. एवढ्याशा माणसाला मुंडासे बांधणे हे सगळ्या रेल्वेतले अवघड काम! ते आमच्या एका शिक्षकमित्रांनी केले.

मित्रहो, शकुंतलेची प्रवासी गाडी गेली काही वर्षे बंद आहे. तिचे रूळ रुंद करण्यास 2016 साली मंजुरी मिळाली. ब्रॉडगेज आली तर आम्हांस आनंदच आहे. पाठीवरून आणि हातांनी माल बदलण्याचे काम संपले, याचे दुःख कामगार संघटनेच्या माणसाने कशाला करावे? पण काम संपले म्हणून ते करणारा पुसला जावा, हे आम्हांस मान्य नाही.

तुमच्या घरी एक फळी असेल, भिंतीलगत चार फूट जागा असेल. मोठे काही योजू नका. एक स्टेशन घ्या, एक काम घ्या आणि ते पुरे करा. बडनेऱ्याचा फलाट घ्या, अकोल्याचा मालधक्का घ्या, गावचा जिन घ्या. आणि करवत हातात घेण्यापूर्वी, तेथे ज्यांनी आयुष्य काढले अशा एका माणसाला आराखडा दाखवा. दुकानात सगळे मिळते. पाय रोवावयास जागा किती लागते, ते तोच सांगू शकेल. त्याला विचारण्यास उशीर मात्र करू नका.