भिंतीवरची निळी पट्टी

(नालासोपारा येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून मला एआय आणि नोकऱ्यांवर बोलायला सांगितलं होतं. ते पुढच्या वेळी. आज एका भिंतीबद्दल बोलतो.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता त्याच गल्लीतून आलात. दोन वर्षांपूर्वी ती कशी होती ते आठवा. डाव्या हाताला सोसायटीची लांब भिंत, भिंतीला लागून बाइक, आणि बाइकमागे पुरुष उभे. कशासाठी ते सांगायला नको. वास इतका की बायका, शाळेची पोरं, नमाजला जाणारे म्हातारे, सगळे रस्त्याच्या मधून चालायचे. एका संध्याकाळी माझ्या फुफीला रिक्षाचा आरसा लागला, मनगट मोडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण तिलाच म्हणायचा, "बाजूने चालायचं ना." ती एकदा चिडून म्हणाली, "कुठल्या बाजूने? बाजू दाखवा, चालते."

2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातले 32,825 पायी चालणारे होते. फुफी त्या आकड्यात नाही, कारण मनगट मोडलेल्यांना कोण मोजतो?

भिंतीचं काय करायचं, यावर पहिला सल्ला आला टाइल्स लावण्याचा. मुंबईत पाहिल्या असतील. एका रांगेत देवदेवता, क्रॉस, मक्का-मदिना, म्हणजे तिथे कुणी लघवी करणार नाही. मला हे कधीच पटलं नाही. ज्याचा आदर करायचा त्याला मुतारीवर पहारेकरी म्हणून उभं करायचं? आणि एखाद्या दारुड्याने तरीही केलंच, तर दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात काय होईल याचा विचार करा.

मला आठवली ती सेनापती बापट मार्गाची भिंत. तुळशी पाइप रोड म्हणतात तो. ऑगस्ट 2009 मध्ये माहीम-दादर पट्ट्यातली रेल्वेची ती भिंत शेकडो लोकांनी मिळून रंगवली, त्यात चित्रकार होते तशी साधी माणसंही होती. मी तेव्हा इंजिनीअरिंगला होतो. ट्रेनमधून चित्रं दिसत नाहीत, ती रस्त्याच्या बाजूला आहेत. म्हणून मुद्दाम माहीमला उतरलो आणि दादरपर्यंत चालत गेलो. त्याआधी ते अंतर पायी जाण्याचा विचारसुद्धा मनात आला नव्हता. चित्राने माणूस चालतो, हे तेव्हा माझ्यापुरतं सिद्ध झालं.

पण कुठलंही चित्र चालत नाही. दोन हातांत पृथ्वी, खाली "स्वच्छ शहर सुंदर शहर", अशी चित्रं प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यासमोर थांबलेला एक माणूस मी पाहिलेला नाही. नागपाड्यात मिर्झा गालिबचं भित्तिशिल्प आहे, तिथे मात्र लोक थांबतात. रस्त्याला त्याचं नाव, वस्तीला त्याची भाषा. ते चित्र तिथलंच आहे.

मग आपल्या भिंतीवर काय काढायचं? सोसायटीने लेटरहेडवर परवानगी दिली ती एका दिवसात. वाद झाला तो आपल्यात. मशीद जवळ आहे, चेहरे, माणसं नकोत, असं काही बुजुर्गांचं म्हणणं होतं. आमच्यातले दोघे तावातावाने म्हणाले, पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेननी मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलं, मग आम्हाला कसली बंदी? मुद्दा बरोबर होता. पण भिंत एकट्या तरुणांची नव्हती, आणि हुसेनचं नाव घेऊन चाचांना गप्प करणं मला नको होतं. आम्ही विचारलं, चेहऱ्याशिवाय काय चालेल? गलबतं, लाटा, जाळीची नक्षी. एवढं पुष्कळ होतं.

गलबतं का, ते सांगतो. आपलं सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, बंदर. अरब प्रवासी मसूदीने दहाव्या शतकात त्याला सुबारा म्हटलंय. भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप 1882 मध्ये उकरला, अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही इथेच सापडले. पण बाहेर नालासोपारा म्हटलं की लोकांना फक्त गर्दीची लोकल आठवते. वारलीही याच जिल्ह्यातली. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या बायका आपल्याकडच्याच. भिंतीवर चित्र काढणं ही आपण परदेशातून आणलेली गोष्ट नाही.

गलबतांच्या खाली एक निळी पट्टी आहे. जुलै 2018 मध्ये पाणी जिथवर आलं होतं, तिथे. जुन्या रहिवाशांना विचारून उंची ठरवली, त्यावर अर्धा तास भांडण झालं. सगळ्या भिंतीत लोक सर्वात जास्त थांबतात ते या पट्टीपाशी. "आमच्याकडे फ्रिज तरंगत होता", "आम्ही दोन दिवस वरच्या मजल्यावर". शेजारच्या गुजराती काकी आणि माझी अम्मी पहिल्यांदा नीट बोलल्या त्या तिथेच.

आता चुका. पहिली माझी. भिंत ओली आहे हे न बघता रंग दिला. पहिल्याच पावसात खालचे दोन फूट पापुद्रे होऊन पडले. आधी खरवडून, वाळवून, बाहेरच्या भिंतीचा प्रायमर द्यायला हवा होता. पाणी निघायची भोकं तर आम्ही सुंदर दिसावं म्हणून बुजवली होती! इंजिनीअरची डिग्री घरी फ्रेममध्ये आहे.

दुसरी चूक मोठी. भिंत रंगली, मुतणारे गेले, पण बाइक तिथेच. लोक सेल्फी काढायचे आणि परत रस्त्याच्या मधून चालायचे. फुफीने बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. बाजू कुठाय?" मग टेप घेऊन मोजलं. इंडियन रोड काँग्रेसच्या 2012 च्या नियमांत फूटपाथला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. आमच्याकडे बाइक आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढीच जागा होती.

म्हणून रंग भिंतीवरून खाली, जमिनीवर आणावा लागला. अमेरिकेत 17 ठिकाणी रस्त्यावरच्या रंगकामाचा आधीचा-नंतरचा अभ्यास झाला, 2022 मध्ये तो छापून आला. पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्या अपघातांचं प्रमाण 50 टक्क्यांनी घटलं होतं. तिथले ड्रायव्हर वेगळे, हे मान्य. आपल्याकडे नुसत्या रंगाला कुणी भीत नाही. म्हणून दुकानदारांशी बोललो. "बाइक हटवा" म्हटलं की भांडण होतं. "गिऱ्हाईक तुमच्या दारापर्यंत चालत येऊ दे" म्हटलं की ऐकतात. तीन बैठका लागल्या. बाइक समोरच्या बाजूला गेल्या, इकडे जाळीची नक्षी जमिनीवर उतरली आणि कडेला सिमेंटच्या कुंड्या आल्या. दोन कुंड्या टेम्पोने फोडल्या, एक चोरीला गेली. रस्त्यातला अडथळा बाजूला करणं हा ईमानचा भाग आहे, हे आपण लहानपणी शिकलोय. टेम्पोवाल्याच्या मते कुंडी हाच अडथळा होता, त्याच्याशी अजून बोलणं चालू आहे.

फुफी आता दिवसा त्या बाजूने जाते. रात्री नाही, कारण मशिदीच्या वळणापर्यंत दिवा नाही, आणि अंधारात गलबत काय नि भिंत काय. दिव्यासाठी अर्ज दिलाय, त्यावर सह्या कमी पडतायत. कागद इथे टेबलावर आहे, जाताना सही करा. आणि रविवारी सकाळी सात वाजता खालचे दोन फूट खरवडायचे आहेत. खरवडणी माझ्याकडे चारच आहेत, घरची असेल तर आणा. कपडे जुने घाला.