न बनलेल्या फाइलीचा माग



लोणारात भरलेल्या या परिषदेला वेबसाठी कोड लिहिणारे, तो सांभाळणारे आणि तो शिकणारे असे सगळेच आले आहेत. म्हणून अध्यक्षपदावरून उद्याचं चित्र रंगवण्यापेक्षा रोजच्या कामातल्या एका किरकिरीवर बोलणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं, आणि सर्व्हरवर बिल्ड लावलं की अमुक मॉड्यूल सापडत नाही, अमुक फोल्डरच नाही, असा एरर येतो. मग फाइल शोधण्याची धावपळ सुरू होते. वास्तविक ती फाइल कुणी खोडलेली नसते, ती त्या यंत्रावर कधी बनलेलीच नसते. माझं म्हणणं असं आहे, की माग फाइलीचा न काढता ती बनवणाऱ्या टप्प्याचा काढावा, आणि तो टप्पा चुकला तर बिल्डनं तिथेच थांबावं. यातला पहिला भाग बहुतेकांना पटेल. दुसरा वादाचा आहे, आणि त्याची झळ मराठी वापरणाऱ्याला आधी लागते.

आपल्या प्रकल्पांत यंत्रानं बनवलेल्या फायलींचा वाटा मोठा झाला आहे. डेटाबेसच्या स्कीमावरून प्रिझ्मा क्लायंट तयार करते, प्रोटोबफचा कंपायलर व्याख्यांवरून कोड काढतो, टाइपस्क्रिप्टपासून जावास्क्रिप्ट होते. या फायली सहसा गिटमध्ये ठेवत नाहीत, म्हणजे नव्या यंत्रावर त्या पुन्हा घडवाव्या लागतात. त्या घडवण्याचा हुकूम कोण देतो, हे मात्र अनेक प्रकल्पांत कुठेच लिहिलेलं नसतं. प्रिझ्माचा क्लायंट वर्षानुवर्षं पॅकेज इन्स्टॉल होताना पाठीमागे आपोआप बनत आला, त्यामुळे तो वेगळा टप्पा आहे हेच विस्मरणात गेलं. मग सर्व्हरनं जुन्या कॅशमधून पॅकेजेस उचलली, की ती आपोआपची पायरी चालत नाही. २०२५ मध्ये आलेल्या पीएनपीएम या पॅकेज मॅनेजरच्या दहाव्या आवृत्तीनं तर अवलंबित पॅकेजच्या अशा स्क्रिप्ट सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवल्या, आणि ते योग्यच केलं. जनरेटर फक्त डेव्हलपमेंटच्या यादीत नोंदवलेला असेल आणि सर्व्हरवर ती यादी वगळून इन्स्टॉल केलं, तर बनवणाराच हजर नसतो. सर्वांत फसवा प्रकार टाइपस्क्रिप्टचा. बनलेल्या फायलींचं फोल्डर खोडलं पण इन्क्रिमेंटल नोंदीची बिल्डइन्फो फाइल तशीच राहिली, तर कंपायलर ती नोंद वाचून काही बदललेलंच नाही असं ठरवतो, एकही फाइल लिहीत नाही आणि चूकही दाखवत नाही.

हा रोग नवा नाही. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ लिहिलं, त्यामागे त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची वाया गेलेली एक सकाळ होती. बग दुरुस्त झाला होता, पण दुरुस्त फाइल पुन्हा कंपाइल झालीच नव्हती, आणि जॉन्सन बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले होते. कशावरून काय बनतं हे लिहून ठेवा, म्हणजे काय बनायचं राहिलं ते यंत्र सांगेल, ही ‘मेक’ची मूळ कल्पना. पुढच्या साधनांनी वेग खूप दिला. हे लिहून ठेवण्याची शिस्त मात्र आपण त्यांच्या भरवशावर सोडून दिली.

आता मराठीकडे येतो. जँगोसारख्या चौकटीत भाषांतर पीओ फाइलीत लिहितात आणि ते कंपाइल होऊन एमओ फाइल बनते. साइट वाचते ती एमओ. पायथॉन प्रकल्पांसाठी गिटहबवर जो गिटइग्नोरचा तयार नमुना मिळतो, त्यात एमओ फायली वगळलेल्या असतात. तत्त्वतः ते बरोबर आहे, कारण ती बनणारी वस्तू आहे. पण डिप्लॉय करताना कंपाइलची आज्ञा राहून गेली तर काय होतं? साइट कोसळत नाही. आपण कष्टानं लिहिलेल्या मराठी वाक्यांच्या जागी मूळ इंग्रजी वाक्यं उमटतात. त्यातच जँगो स्वतःच्या काही वाक्यांचं मराठी सोबत आणतो, त्यामुळे पान अर्धवट मराठी दिसतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, भाषांतर अपुरं असेल. नोडची कथा याहून बोलकी आहे. ऑक्टोबर २०१९ मधल्या तेराव्या आवृत्तीपर्यंत नोडच्या अधिकृत बिल्डमध्ये फक्त इंग्रजीचा लोकेल डेटा भरलेला असे. सर्व्हरवर मराठी लोकेल मागितलं तरी आकडा इंग्रजीत 2,500 असा यायचा आणि तक्रारीचा शब्द नाही. ब्राउझरमध्ये पूर्ण डेटा असल्यानं तोच आकडा देवनागरीत. दोन्हींचा मेळ बसेना, की रिअ‍ॅक्ट इशारा द्यायचं, आणि प्रोग्रामर आपल्या कंपोनंटमध्ये चूक शोधत बसायचा. इंग्रजी वापरणाऱ्याला या दोन्ही ठिकाणी काहीच कमी पडत नाही, म्हणून चाचणी करणारा इंग्रजीत पाहत असेल तर त्याला सगळं ठीक दिसतं. नसलेल्या फाइलीची किंमत मराठी वाचणारा मोजतो आणि कुठल्याही लॉगमध्ये त्याची ओळ उमटत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की एका भाषेच्या फाइलीसाठी सगळी साइट अडवून ठेवणं अतिरेक आहे. काहीच न दिसण्यापेक्षा इंग्रजी दिसलेलं बरं. हा युक्तिवाद चालू साइटला लागू आहे. तिथे पर्यायी भाषा दाखवणं शहाणपणाचंच. पण बिल्ड थांबलं म्हणजे साइट थांबत नाही; कालची आवृत्ती चालू राहते आणि त्रास होतो तो फक्त आपल्याला. शिवाय दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एखाद्या वाक्याचं भाषांतर अजून झालेलं नाही, म्हणून ते इंग्रजीत दिसतं, हा माणसाचा निर्णय आहे आणि त्यासाठी बिल्ड अडवू नये. झालेलं भाषांतर पोचलंच नाही, हा अपघात आहे. पीओची एमओ बनवणारं गेटटेक्स्ट संशयास्पद म्हणून खूण केलेली भाषांतरं कंपाइल करताना गाळून टाकतं, पण आकडेवारी मागितली तर किती झाली, किती संशयास्पद, किती उरली ते सांगतंही. बनायला हव्या त्या फायलींची यादी रिपॉझिटरीत ठेवून जनरेटर चालल्यावर ती तपासायला चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. आज्ञेमागे ‘चुकलं तरी पुढे जा’ असं जोडण्याची सवय मात्र आधी सोडावी लागेल. कित्येक बिल्डमधले टप्पे त्या शेपटीमुळेच गुपचूप मरतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मग बनलेल्या फायली सरळ गिटमध्येच का ठेवू नयेत? गो भाषेत तशी रीत आहेच. तिथे बिल्डची आज्ञा जनरेटरला हातच लावत नाही, म्हणून बनलेला कोड सोबत ठेवतात. लहान संघाला, क्वचित बदलणाऱ्या स्कीमासाठी मी हाच मार्ग सुचवेन. पण यानं टप्पा चुकण्याचा प्रश्न मिटत नाही, त्याचं रूप बदलतं. फाइल सापडते, पण शिळी. नसलेली फाइल निदान ओरडू शकते. शिळी फाइल जुना कॉलम गृहीत धरून बिनबोभाट चालते. म्हणून त्या रीतीलाही जोड हवी: सर्व्हरवर जनरेटर पुन्हा चालवायचा आणि गिटमध्ये फरक दिसला तर बिल्ड अडवायचं.

तिसरा मार्ग सगळ्यांच्या हाताखालचा. पॅकेजेस खोडा, कॅश पुसा, पुन्हा चालवा. बऱ्याचदा चालतं, आणि माझी तक्रार तीच आहे: चूक कुठून आली याचा पुरावाही त्यासोबत पुसला जातो. अशा पुराव्याचं मोल या लोणार गावालगतच्या सरोवरानं दाखवलं आहे. ते ज्वालामुखीचं मानलं जाई. धडकलेला अशनी तिथे सापडत नव्हता. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये आघाताचा निष्कर्ष मांडला, तो विवराच्या तळातून काढलेल्या खडकांवरून. त्यांत आघातानं काचेसारखं झालेलं फेल्डस्पार, म्हणजे मॅस्केलिनाइट, सापडलं. कॅश पुसणारा प्रोग्रामर हे खडकच फेकून देतो. चूक महिनाभरानं परत येते तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुसण्याआधी निदान चार गोष्टी पाहाव्यात. जनरेटर चालल्याची ओळ लॉगमध्ये आहे का? तो शून्य कोड देऊन संपला का? त्यानं लिहिलेला मार्ग आणि बिल्ड वाचतं तो मार्ग अक्षरशः एक आहे का? विंडोज आणि मॅक सहसा फाइलनावात मोठं-लहान इंग्रजी अक्षर एकच मानतात, लिनक्स मानत नाही. आणि गिटइग्नोरची कुठली ओळ त्या फाइलीला अडवते आहे? गिटची चेक-इग्नोर आज्ञा थेट ओळीचा क्रमांक देते. मघाच्याच पायथॉन नमुन्यात ‘लिब’ नावाचं फोल्डर वगळलेलं असतं, आणि फ्रंटएंडचा हातानं लिहिलेला कोडही त्याच नावाच्या फोल्डरात ठेवण्याची पद्धत आहे. दोन्ही एका रिपॉझिटरीत आले, की बनवलेली नव्हे, लिहिलेली फाइलच सर्व्हरपर्यंत पोचत नाही.

आता कोड लिहून देणारी भाषिक मॉडेल्सही या साखळीत आली आहेत, आणि कधी न बनवलेली फाइल ती बिनदिक्कत आयात करून मोकळी होतात. त्यांच्यासाठी वेगळा नियम करण्याची गरज मला दिसत नाही. ती फाइल कोण बनवणार होतं, हे सांगता येत नसेल, तर तो बदल रिव्ह्यूमध्ये परत पाठवावा, मग तो माणसानं लिहिलेला असो वा मॉडेलनं.