क्ष-किरण तपासणी आणि मात्रेचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा लिखित पाठ)



औषधाची मात्रा किती व दिवसातून किती वेळा, हे आपण सारेच आवर्जून विचारतो. परंतु क्ष-किरणांचीही मात्रा असते, ती मोजता येते आणि मोजल्यानेच ती आटोक्यात राहते, याची जाणीव फार थोड्यांना असते.

विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत क्ष-किरणांचा शोध लावला आणि वैद्यकशास्त्राला जणू दिव्यदृष्टी लाभली. मात्र त्वचा भाजणे, केस गळणे असे दुष्परिणामही लवकरच दिसू लागले. १९२८ साली स्टॉकहोम येथे किरणांपासून संरक्षणाचा विचार करणारी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिच्याच परंपरेतून आजची तीन तत्त्वे आली: तपासणी खरोखर आवश्यक असावी, मात्रा प्रयोजनापुरतीच असावी, आणि व्यक्तीला मिळणाऱ्या मात्रेला कमाल मर्यादा असावी.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिसरे तत्त्व रुग्णाला लागू नाही. आपल्या देशात क्ष-किरण विभागात काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि सर्वसामान्य जनतेसाठी वर्षाला १ मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा आहे. रुग्णासाठी अशी मर्यादा नाही, कारण ती घातल्यास प्राण वाचविणारी तपासणीच अडून राहील. म्हणून रुग्णाचे रक्षण पहिल्या दोन तत्त्वांवर, म्हणजेच डॉक्टर व तंत्रज्ञ यांच्या विवेकावर, अवलंबून असते. या विवेकाला डोळे देण्याचे काम मोजमाप करते.

ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. १९८० च्या दशकात तेथील राष्ट्रीय किरण संरक्षण मंडळाने निरनिराळ्या रुग्णालयांतील मात्रा मोजल्या, तेव्हा एकाच प्रकारच्या तपासणीसाठी एका ठिकाणची मात्रा दुसरीकडच्या कित्येक पट असल्याचे आढळले. मग तीन-चतुर्थांश रुग्णालये ज्या आकड्याच्या आत राहतात, तो आकडा संदर्भपातळी म्हणून ठरविला गेला. ती ओलांडणे हा गुन्हा नव्हे; परंतु ती वारंवार ओलांडली जात असेल, तर कारण शोधावे लागते. कोठे किरणांचा झोत गरजेपेक्षा रुंद, कोठे गाळणी अपुरी, कोठे फिल्मचे पडदे कमी संवेदनशील असत. हे दोष दूर होत गेले. कमरेच्या मणक्याच्या बाजूने घेतलेल्या छायाचित्राची संदर्भपातळी आरंभी ३० मिलिग्रे होती. २००० सालच्या आढाव्यात ती १४ मिलिग्रेपर्यंत उतरली. छायाचित्राचा उपयोग तोच राहिला. रुग्णावरील भार निम्म्याहून कमी झाला.

आज फिल्मची जागा संगणकाने घेतली आहे. सोय वाढली, तसा नवा धोकाही आला. पूर्वी किरण अधिक झाले की फिल्म काळी पडे आणि चूक उघड होई. संगणकावर मात्र मात्रा वाढली की चित्र अधिकच स्वच्छ दिसते; त्यामुळे ती नकळत चढत जाते. म्हणूनच आता यंत्रावरील आकड्यांची नोंद ठेवणे आणि ते संदर्भपातळीशी ताडून पाहणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

यावरून कोणी घाबरून जाऊ नये. छातीच्या एका साध्या छायाचित्राची मात्रा सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट असते. निसर्गातूनच माणसाला जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. म्हणजे हे छायाचित्र तीन दिवसांच्या नैसर्गिक मात्रेइतके झाले. पोटाच्या सीटी स्कॅनची मात्रा मात्र ८ ते १० मिलिसीव्हर्ट, अर्थात अशा चार-पाचशे छायाचित्रांइतकी असू शकते. आवश्यक असेल तेव्हा तीही निःशंकपणे घ्यावी. केवळ मनाच्या समाधानासाठी तिचा आग्रह धरू नये.

आपल्याकडून होण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. जुनी छायाचित्रे व अहवाल जपून ठेवावेत आणि नव्या डॉक्टरांना दाखवावेत, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. गर्भधारणेची शक्यता असल्यास भगिनींनी ती आधीच सांगावी. लहान मुलांच्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात. त्यांच्यासाठी प्रौढांची मात्रा वापरली जात नाही ना, हे नम्रपणे विचारावे. छायाचित्राच्या वेळी स्थिर राहावे. हललेले चित्र पुन्हा घ्यावे लागते.

शेवटी दात्यांना एक विनंती. धर्मादाय दवाखान्याला क्ष-किरण यंत्र भेट देणे हे पुण्यकर्म आहे. परंतु दान यंत्रापाशी थांबू नये. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, ठरावीक मुदतीने होणारी यंत्राची गुणवत्ता चाचणी आणि तंत्रज्ञांचे प्रशिक्षण यांसाठीही तरतूद असावी. यंत्राच्या कोनशिलेवर दात्याचे नाव राहते. योग्य मात्रेचा लाभ मात्र तेथे येणाऱ्या प्रत्येक गरीब रुग्णाला, त्याच्या नकळत, मिळत राहतो.