‘मायावी’चा बदललेला पत्ता

(सुरत येथील भाषणाचा मजकूर)



सुरतेच्या कापडबाजारातील एखादी पेढी दुसऱ्या इमारतीत गेली आणि जुन्या दारावर पाटी लावावयाची राहिली, तर गिऱ्हाईक हात हलवीत परतते. माल तोच, पेढीही तीच. संगणकाच्या क्षेत्रात २०११ साली असेच एक स्थलांतर झाले. मात्र तेथे पाटीचा विसर पडला नव्हता.

‘मायावी’ ही पायथॉन भाषेतील मुक्त लायब्ररी, म्हणजे कोणासही विनामूल्य वापरता यावा व ज्याची आतली रचना पाहता यावी असा आज्ञावलींचा संच. आकड्यांच्या राशीतून त्रिमितीय चित्र उभे करणे हे तिचे कार्य. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. प्रभू रामचंद्रन हे तिचे मूळ कर्ते; नावही संस्कृतातलेच. तिला पाचारण करताना आज्ञावलीच्या आरंभी ‘एन्थॉट.मायावी’ असा पत्ता लिहावा लागे. चौथ्या आवृत्तीत ‘एन्थॉट’ हे कंपनीचे नाव गळले. पत्ता सुटसुटीत झाला, हे योग्यच. परंतु जुन्या आज्ञावली त्या ओळीवरच अडू लागल्या. शिक्षकाचे टिपण एकेकाळी बिनचूक असूनही विद्यार्थ्याने स्वतःस दोष द्यावा, असा हा प्रसंग!

कर्त्यांनी यासाठी ‘ईटीएसप्रॉक्सी’ हा जोडसंच दिला होता. तो बसविला की जुना पत्ता नव्याकडे वळे. शिक्षकांनी टिपणाच्या शिरोभागी लायब्ररीच्या आवृत्तीचा क्रमांक अवश्य नोंदवावा. २०११ पूर्वीचे टिपण हाती आल्यास पत्त्यातील ‘एन्थॉट’ व त्यापुढील टिंब खोडले, की ही अडचण बहुधा दूर होते.